भारत आणि इक्वेडोर: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर तालुक्यांतील केळी बागायतदार, तसेच जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थी इक्वेडोर या देशाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची सुरुवात बहुधा केळीपासून होते, पण दोन-चार वाक्यांतच गाडी पैसा, राहणीमान आणि माणसांच्या स्वभावावर येते, म्हणून उत्तरेही त्याच क्रमाने लावली आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इक्वेडोर हा देश आहे तरी केवढा आणि कुठे?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया आणि पेरू यांच्यामध्ये, विषुववृत्तावरच वसलेला हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे आणि त्याची लोकसंख्या दोन कोटींच्या आत आहे. राजधानी कितो अँडीज पर्वतात सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, तर व्यापाराचे मुख्य शहर आणि बंदर ग्वायाकिल किनाऱ्याकडील सखल, दमट भागात आहे. लोस रियोस, ग्वायास आणि एल ओरो हे केळीचे मुख्य प्रांत आहेत. एल ओरोची राजधानी माचाला स्वतःला जगाची केळी-राजधानी म्हणवते, हे ऐकून सावद्याच्या एखाद्या जुन्या बागायतदाराने नाक मुरडले तर नवल नाही. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते.

२. दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्थांची तुलना तरी होऊ शकते का? भारत केवढा, तो देश केवढा!

एकूण आकार पाहिला तर तुलना होत नाही. २०२४ मध्ये भारताचे सकल उत्पादन ३.९ लाख कोटी डॉलरच्या आसपास होते आणि इक्वेडोरचे सुमारे १२ हजार कोटी डॉलर, म्हणजे एकट्या महाराष्ट्राचे उत्पादनही इक्वेडोरच्या जवळपास चौपट भरते. दरडोई हिशेब केला की चित्र उलटते: इक्वेडोरचे दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण साडेसहा ते सात हजार डॉलर आणि भारताचे सुमारे २,७०० डॉलर. मात्र आपल्याकडे भाजी, भाडे, दवाखाना आणि मजुरी स्वस्त असल्याने त्याच डॉलरमध्ये येथे अधिक खरेदी होते, आणि क्रयशक्ती धरून मोजल्यास हे अंतर अडीच पटीवरून साधारण दीड पटीवर येते.

वाढीचा वेग मात्र आपल्या बाजूने आहे. २०२४ मध्ये इक्वेडोरची अर्थव्यवस्था सुमारे दोन टक्क्यांनी आक्रसली, तर भारताची सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. आज तो देश आपल्या पुढे आहे आणि आपण त्याच्यापेक्षा वेगाने चालत आहोत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. वादात एक जण पहिले विधान सांगतो आणि दुसरा दुसरे, एवढेच.

३. दरडोई उत्पन्न जास्त आहे म्हणजे तेथील सामान्य माणूस आपल्यापेक्षा सुखात आहे, असे समजायचे का?

आरोग्य आणि शिक्षण या दोन बाबतींत, होय. सरासरी आयुर्मान तेथे ७७ वर्षांच्या आसपास आहे आणि भारतात ७२ च्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात इक्वेडोर ‘उच्च’ गटात आहे आणि भारत ‘मध्यम’ गटात. २०२५ च्या अहवालात भारताचा क्रमांक १३० वा होता. सरकारी विद्यापीठात पदवीपर्यंतचे शिक्षण तेथे २००८ च्या राज्यघटनेपासून विनाशुल्क आहे. शेतकरी आणि मच्छीमार कुटुंबांसाठी अल्प वर्गणीची स्वतंत्र सामाजिक विमा योजनाही आहे, जिच्यातून दवाखाना आणि म्हातारपणी लहानसे निवृत्तिवेतन मिळते. तिची सुरुवात १९६८ मधील आहे. आपल्याकडील जनआरोग्य योजना रुग्णालयातील मोठा खर्च उचलतात, पण उतारवयातील शेतकऱ्यासाठी तितकी जुनी आणि रुळलेली व्यवस्था आपल्याकडे नाही.

रोजगारात मात्र चित्र तितके उजळ नाही. पूर्ण वेळ आणि किमान वेतनाइतकी कमाई देणारे काम तेथे साधारण एक तृतीयांश काम करणाऱ्यांकडेच आहे आणि निम्म्याहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात आहेत. आपल्याकडे असंघटितांचे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

सरासरीच्या आकड्याने दोन्हीकडची मोठी दरी झाकली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतात पाच वर्षांखालील सुमारे ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. इक्वेडोरमध्ये हे प्रमाण साधारण निम्मे आहे. परंतु तेथील अँडीजमधल्या चिंबोरासोसारख्या, आदिवासी किच्वा लोकवस्तीच्या प्रांतात ते राष्ट्रीय सरासरीच्या बरेच वर जाते, जसे आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाते. जळगाव शहरातील सुखवस्तू कुटुंब आणि कितोतील मध्यमवर्गीय कुटुंब यांच्या राहणीत जेवढा फरक आहे, त्याहून अधिक फरक जळगाव आणि धडगाव यांच्यात आहे. देशांची तुलना करण्याआधी हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा, असे माझे मत आहे.

४. केळी आपण त्यांच्या पाचपट पिकवतो. मग जगाच्या बाजारात नाव त्यांचे का?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची असतात. भारत वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी पिकवतो, म्हणजे जगाच्या उत्पादनाचा जवळपास चौथा हिस्सा. तरीही २०२२-२३ मध्ये आपली निर्यात होती ३.६ लाख टन, किंमत सुमारे १७.६ कोटी डॉलर, आणि जागतिक निर्यातीतील वाटा एक टक्क्याच्या आसपास. इक्वेडोर साठ-सत्तर लाख टन पिकवतो आणि त्यातील बहुतेक सर्व माल बोटीवर चढवतो. वर्षाला सुमारे ३५ कोटी पेट्या आणि तीन अब्ज डॉलरहून अधिक कमाई.

हेक्टरी राष्ट्रीय उत्पादन दोन्ही देशांत जवळपास सारखेच, ३५ ते ३७ टनांच्या घरात आहे, आणि टिश्यूकल्चर रोप व ठिबक यांच्या जोरावर रावेर-यावलचा चांगला बागायतदार त्याहून कितीतरी पुढे जातो. तेव्हा फरक पिकवण्याच्या हुन्नरात नाही. इक्वेडोरमध्ये खाणारी तोंडे कमी, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी केळी परदेशासाठी लावली. १९४८ ते १९५२ या काळात गालो प्लासा लासो राष्ट्राध्यक्ष असताना सरकारने कर्ज, रस्ते आणि बंदरे यांच्या आधारे ही लागवड मुद्दाम वाढवली. तेव्हापासून घड कापल्यानंतर काय करायचे, याची संपूर्ण साखळी तेथे उभी राहिली. फळ वेगवेगळ्या रंगांच्या फितींनी वयानुसार ओळखले जाते, घड तारेवरच्या दोरवाटेने बागेतून पॅकहाउसपर्यंत लोंबकळत येतो आणि जमिनीला टेकत नाही, फण्या पाण्यात धुतल्या जातात, पेटी भरली जाते आणि त्याच दिवशी थंड कंटेनरकडे निघते. बागेपासून बंदर काही तासांवर असते.

आपल्याकडे घड डोक्यावर किंवा खांद्यावर निघतो, ट्रकमध्ये रचला जातो आणि दिल्ली, पंजाब, काश्मीरकडे जातो. तेथील ग्राहकाला सालीवरचा डाग चालतो, भाव चालला पाहिजे. घरचीच बाजारपेठ एवढी मोठी असताना प्रत्येक फणी धुऊन, मोजून भरण्याची सक्ती कोणी केली नाही. तांदलवाडीसारख्या गावांनी आणि परिसरातील अनेक तरुण बागायतदारांनी स्कर्टिंग बॅग (घड झाकण्याची पिशवी), फण्यांची विरळणी आणि पॅकहाउस यांची वाट धरली आहे, आणि त्यांचा माल आखाती देशांत इक्वेडोर व फिलिपिन्सच्या मालाशेजारी उभा राहतो. युरोपसाठी समुद्रमार्गे चाचणीचा कंटेनर २०२३ मध्ये बारामतीहून नेदरलँड्सला गेला.

५. त्यांची जमीन आणि हवामान आपल्यापेक्षा अनुकूल आहे, हे खरे कारण नाही का?

हे अर्धे कारण आहे. विषुववृत्तावर चक्रीवादळे येत नाहीत, ज्वालामुखीच्या राखेची सुपीक माती आहे, आणि वर्षभर तापमान केळीला मानवेल असेच राहते. खान्देशातील केळी मे महिन्यात ४५ अंशांचा पारा, जूनच्या तोंडाशी वादळी वारा आणि डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांखालची थंडी अशा तिन्ही तडाख्यांतून जाते. तेथे आठवड्याला आठवडा जोडून वर्षभर कापणी चालते. आपल्याकडे मृगबाग आणि कांदेबाग असे हंगाम पडतात आणि माल एकदम आला की भाव कोसळतो. परदेशी दुकानदाराला बारमाही, सारख्या आकाराचा माल हवा असतो, आणि तेथे आपण कमी पडतो.

उलट बाजूही आहे. दमट हवेमुळे तेथे काळ्या सिगाटोकाचा, म्हणजे करप्याच्या अधिक उग्र प्रकाराचा, कायमचा उपद्रव आहे आणि त्यासाठी विमानातून वारंवार फवारणी करावी लागते. खान्देशच्या कोरड्या हवेत हा खर्च वाचतो. अल निनोच्या वर्षी तेथील किनारपट्टीत महापूर येतात. १९९७-९८ च्या अल निनोने बागा, रस्ते आणि पूल वाहून नेले आणि त्याचे परिणाम देशाच्या चलनापर्यंत पोहोचले (प्रश्न ७ पाहा).

६. तेथील सरकार केळीच्या पेटीचा भाव ठरवून देते, हे खरे आहे का?

खरे आहे. दरवर्षी सरकार साधारण १९ किलोच्या पेटीचा किमान आधारभाव जाहीर करते. २०२४ साठी तो ६.८५ डॉलर होता. त्या वेळच्या विनिमय दराने हा भाव किलोला २९ रुपयांच्या आसपास पडतो. पण हा निवडलेल्या, धुतलेल्या आणि पेटीत भरलेल्या फळाचा भाव आहे. त्याची तुलना बागेतून ट्रकमध्ये टाकलेल्या नवतीच्या क्विंटलच्या भावाशी थेट करू नये.

कायदा असूनही अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. निर्यातदाराशी वर्षभराचा करार असलेल्याला ठरलेला भाव मिळतो. करार नसलेला लहान शेतकरी मंदीच्या आठवड्यांत आधारभावाच्या खूप खाली माल देतो, आणि त्यावरून रस्ते अडवले जातात. रावेर-बऱ्हाणपूरचा जाहीर भाव एक आणि व्यापारी बागेत देतो तो दुसरा, हा अनुभव असलेल्या वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. असाच आधारभाव आपल्याकडे लागू करावा का, असेही विचारले जाते. माझ्या मते, ज्या मालाचा बहुतांश भाग देशातच, प्रतवारीविना विकला जातो, तेथे आधी वर्षभराचे लेखी करार रुजायला हवेत. त्यांच्याविना आधारभाव फक्त फलकावर राहील.

७. त्या देशाचे चलन अमेरिकी डॉलर कसे झाले? आणि ते फायद्याचे ठरले की तोट्याचे?

इक्वेडोरचे जुने चलन सुक्रे होते. १९९८-९९ मध्ये तेलाचे भाव पडले, अल निनोने शेती बुडवली, एकामागून एक बँका कोसळल्या, आणि मार्च १९९९ मध्ये सरकारने बँका बंद ठेवून लोकांच्या ठेवी गोठवल्या. ज्यांनी २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलण्यासाठी रांगा लावल्या, त्यांना त्या धास्तीची थोडी कल्पना येईल. पण आपल्याकडे पैसा खात्यात तरी शाबूत होता, तेथे सुक्रेची किंमत घसरत असताना तो अडकून पडला. ९ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी २५,००० सुक्रेला एक डॉलर या दराने डॉलर स्वीकारण्याची घोषणा केली आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांना पायउतार व्हावे लागले. निर्णय मात्र टिकला. नंतर आलेल्या डाव्या-उजव्या सर्व सरकारांनी तो राखला.

फायदा उघड आहे: महागाई आटोक्यात आली, आणि गेल्या काही वर्षांत ती बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमीच राहिली आहे. कर्ज घेणाऱ्याला, घर बांधणाऱ्याला, म्हातारपणासाठी शिल्लक टाकणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

तोटा निर्यातदाराच्या माथी येतो. रुपया घसरला की आपल्या निर्यातदाराच्या हाती तेवढ्याच डॉलरचे अधिक रुपये पडतात; शेजारचे कोलंबिया आणि पेरूही आपापली चलने घसरू देऊ शकतात. इक्वेडोरला ही सवलत नाही. तेथील मजुरी, वीज, खते सगळे डॉलरमध्ये, म्हणून स्पर्धेत टिकायचे तर खर्च कमी करणे किंवा माल अधिक चांगला करणे एवढेच दोन मार्ग उरतात. प्रश्न ४ मधील शिस्तीचे हेही एक कारण मानावे लागते. शिवाय संकटात सरकारला नोटा छापता येत नाहीत, त्यामुळे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार वारंवार ठोठावावे लागते. २०२४ मध्ये तेथे मूल्यवर्धित कर १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आला.

८. केळीच्या बागेत काम करणारा मजूर कोणत्या देशात बरा राहतो?

कागदावर तेथे. २०२४ मध्ये इक्वेडोरचे किमान वेतन महिन्याला ४६० डॉलर आणि २०२५ मध्ये ४७० डॉलर होते. आठवडा चाळीस तासांचा, आणि वर्षाला दोन जादा पगार कायद्याने बांधलेले. आपल्याकडील शेतमजुराला वर्षभर रोज काम मिळाले असे धरले, तरी तो या रकमेच्या जवळ पोहोचत नाही. मात्र तेथेही अनेक मजूर रोजंदारीवर, नोंदणीविना काम करतात आणि त्यांना कायद्याचा लाभ मिळत नाही. २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तेथील बागांमधील बालमजुरी आणि विमानातून होणाऱ्या फवारणीखाली काम करणाऱ्या मुलांची स्थिती उघड केली. त्यानंतर परदेशी ग्राहकांच्या दबावाने परिस्थिती बरीच सुधारली.

खान्देशातील सालदाराशी याची तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. सालदाराला धान्य, उचल आणि अडीअडचणीत मालकाचा आधार मिळतो, पण ठरलेले तास नसतात आणि उचलीच्या पोटी पुढचे सालही बांधले जाते. इक्वेडोरच्या पर्वतीय भागात मालकाच्या जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात वर्षानुवर्षे राबण्याची अशीच पद्धत होती आणि ती १९६४ च्या जमीन सुधारणा कायद्याने बंद झाली.

९. तेथील सगळ्या बागा मोठ्या कंपन्यांच्या आहेत ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. मध्य अमेरिकेत परदेशी कंपन्यांनी हजारो हेक्टर स्वतः कसले. इक्वेडोरमध्ये पीक मुख्यत्वे स्थानिक शेतकऱ्यांच्या हाती राहिले आणि कंपन्या खरेदीदार झाल्या. युनायटेड फ्रूट कंपनीची तेंगेल येथील मोठी बाग १९६२ मध्ये मजुरांनी ताब्यात घेतली, त्यानंतर कंपनीने तेथून पाय काढला. आजही उत्पादकांत लहान शेतकऱ्यांची संख्या मोठी आहे. निर्यातीच्या किल्ल्या मात्र मोजक्या घराण्यांकडे आहेत.

१०. केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा तेथे राष्ट्राध्यक्ष झाला, हे ऐकले ते खरे का?

होय. अल्वारो नोबोआ हे देशातील सर्वांत मोठ्या केळी व्यावसायिकांपैकी एक. त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाच वेळा लढवली आणि पाचही वेळा हरले. त्यांचे पुत्र दानिएल नोबोआ २०२३ मध्ये पहिल्याच प्रयत्नात निवडून आले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा जिंकले. साखर कारखाना, दूध संघ आणि बाजार समिती यांच्या वाटेने आमदारकी गाठण्याची रीत महाराष्ट्राला ठाऊक असल्याने येथील वाचकाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

११. राहायला तो देश सुरक्षित आहे का?

सध्या नाही, आणि या एका बाबतीत भारत फार पुढे आहे. दहा वर्षांपूर्वी इक्वेडोर त्या खंडातील शांत देशांत गणला जात असे. कोलंबिया आणि पेरू हे कोकेन तयार करणारे देश दोन्ही बाजूंना, वापरायला सोपे डॉलर हे चलन आणि ग्वायाकिलसारखे गजबजलेले बंदर, या तिन्हींमुळे तस्करांच्या टोळ्या वाढल्या. २०२३ मध्ये खुनांचे प्रमाण लाख लोकांमागे चाळिशीच्या वर गेले. भारतात ते तीनच्या आत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फर्नांदो वियाविसेन्सियो यांची हत्या झाली. जानेवारी २०२४ मध्ये बंदूकधारी ग्वायाकिलच्या एका दूरचित्रवाहिनीच्या चालू प्रक्षेपणात घुसले आणि सरकारने देशांतर्गत सशस्त्र संघर्षाची घोषणा करून सैन्य रस्त्यावर उतरवले.

याची झळ थेट केळीला बसते. युरोपकडे जाणाऱ्या केळीच्या कंटेनरांत कोकेन लपवले जाते, म्हणून तपासणीचा खर्च आणि वेळ वाढतो, आणि बागायतदारांकडून खंडणी मागितली जाते. आपल्याकडे केबल-मोटार चोरीला जाते, खोडे कापून टाकण्याचे प्रकार होतात आणि त्याचा संताप रास्त आहे; पण बागेत जाताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

१२. विजेचे काय? तेथे तरी भारनियमन नसेल.

२०२४ च्या दुष्काळात तेथे दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज बंद राहिली. देशाची बहुतांश वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते, त्यामुळे नद्या आटल्या की कितोपासून माचालापर्यंत सगळे एकदम अंधारात जातात. आपल्याकडे शेतीपंपाला आठ तास, तेही पाळीने, अनेकदा मध्यरात्री वीज मिळते आणि बागायतदार बिबट्या-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जातो; शहरे मात्र सहसा उजळलेली असतात. तेथे टंचाई सर्वांच्या वाट्याला येते, आपल्याकडे ती शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

१३. तेथील लोक आळशी आहेत, वेळ पाळत नाहीत, असे म्हणतात. खरे काय?

वेळेच्या बाबतीत त्यांचे स्वतःचेही तेच मत होते. २००३ मध्ये तेथे वक्तशीरपणाची राष्ट्रव्यापी मोहीम निघाली आणि देशाला पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळवून देणारे चालण्याच्या शर्यतीतील खेळाडू जेफर्सन पेरेस तिचे प्रमुख चेहरा होते. लग्नपत्रिकेवरील मुहूर्त आणि प्रत्यक्ष अक्षता यांतील अंतर ज्यांना माहीत आहे, त्यांनी या विषयावर फार बोलू नये.

पण तोच माणूस कंटेनर बंद होण्याच्या तासाला कधी चुकत नाही, कारण बोट कोणासाठी थांबत नाही. यावरूनच मला वाटते की ‘राष्ट्रीय स्वभाव’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग ज्या व्यवहारात माणूस वावरतो त्या व्यवहाराने घडवलेला असतो. उशीर केल्यावर नुकसान होते तेथे लोक वेळ पाळतात, होत नाही तेथे पाळत नाहीत, आणि हे रावेरलाही तितकेच लागू आहे.

देशात एकच स्वभाव आहे, हेही खरे नाही. किनाऱ्याचे लोक मोकळे, मोठ्याने बोलणारे, तर पर्वतातले मितभाषी आणि औपचारिक, अशी त्यांची परस्परांविषयीची ठरलेली मते आहेत आणि ग्वायाकिल-कितो ही स्पर्धा फुटबॉलपासून राजकारणापर्यंत चालते. आदिवासी समाजात गावाचे काम सर्वांनी मिळून, मजुरी न घेता करण्याची पद्धत आजही जिवंत आहे. इर्जिकीची आठवण असलेल्या पिढीला ती परकी वाटणार नाही. त्याच समाजाच्या संघटनांनी २०१९ मध्ये इंधनावरील अनुदान काढल्यावर आणि २०२२ मध्ये इंधनाच्या चढ्या भावांवरून राजधानी ठप्प केली होती.

१४. घर, कुटुंब आणि परगावी जाण्याची ओढ यांत काही साम्य आहे का?

बरेच. आजी-आजोबांसह एकत्र राहणे, लग्नाकार्यात ऐपतीपेक्षा अधिक खर्च आणि गावच्या देवाच्या उत्सवासाठी दूरवरून परतणे दोन्हीकडे आहे. तेथे तो उत्सव कॅथलिक संताचा असतो, येथे कानबाईचा. १९९९ च्या बँक संकटानंतर लाखो लोक स्पेन, इटली आणि अमेरिकेकडे गेले, आणि त्यांनी पाठवलेला पैसा आजही देशाच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक आहे. खान्देशातून माणसे सुरतेला जातात, आखाजीला परत येतात आणि सासर-माहेरचा तुटवडा भरून काढतात. इक्वेडोरच्या माणसाला परतायला महासागर ओलांडावा लागतो, म्हणून तेथे अनेक मुले आजीकडेच वाढली.

१५. ते लोक आपल्यासारखीच केळी खातात का?

निर्यातीची गोड केळी ते तुलनेने कमी खातात. रोजच्या जेवणात असते ती भाजीची हिरवी मोठी केळी: उकडून, कुटून, चीज किंवा मांस घालून केलेला गोळा किंवा दोनदा तळलेल्या चकत्या. किनाऱ्यावर भातही भरपूर खातात. शाकाहारी पाहुण्याची तेथे अडचण होते, एवढे जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

१६. मुलाला तेथे शिकायला किंवा केळीचे तंत्र पाहायला पाठवावे का?

अभ्यासदौऱ्यासाठी उपयुक्त आहे. पॅकहाउस, दोरवाट आणि शीतसाखळी प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. दौरा आयोजकाच्या व्यवस्थेत, दिवसा प्रवास करून आणि प्रश्न ११ ध्यानात ठेवूनच करावा. स्पॅनिश न येणाऱ्याला तेथे शिक्षण घेणे कठीण आहे. अमेरिकेत चोरवाटेने पोहोचवण्यासाठी काही दलाल इक्वेडोरचा मार्ग दाखवतात. त्या वाटेला मुळीच जाऊ नये.

१७. केळीखेरीज आणखी कशात हे दोन देश समोरासमोर येतात?

कोळंबीत, आणि तेथील निकाल डोळे उघडणारा आहे. भारत हा कोळंबीचा मोठा निर्यातदार असूनही अलीकडच्या वर्षांत इक्वेडोरने त्याला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. कोळंबी, तेल, केळी, फुले आणि कोको अशी पाच-सहा मालांची निर्यात एवढाच तेथील आधार आहे. तेलाचा भाव पडला की सरकारी पगार लांबतात. भारताकडे सॉफ्टवेअरपासून औषधांपर्यंत पसारा आहे, त्यामुळे एखादा माल पडला तरी देश डगमगत नाही, फक्त तो माल पिकवणारा जिल्हा डगमगतो.

१८. पनामा रोगाचा, म्हणजे केळीच्या मर रोगाचा, नवा प्रकार पसरला तर कोणाचे अधिक नुकसान होईल?

टीआर४ नावाची ही बुरशी मातीत दशकानुदशके टिकते आणि ग्रँड नैनसह बहुतेक सर्व कॅव्हेंडिश वाणांना, म्हणजे निर्यातीच्या नेहमीच्या केळीला, मारते. भारतात ती बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळली आहे. दक्षिण अमेरिकेत २०१९ मध्ये कोलंबियात आणि २०२१ मध्ये पेरूत, म्हणजे इक्वेडोरच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे. देश म्हणून फटका इक्वेडोरला अधिक मोठा, कारण तेथील निर्यातीचा मोठा हिस्सा एका वाणावर उभा आहे. पण जळगाव जिल्हाही एकाच वाणावर उभा आहे, आणि देशाला जे सोसेल ते जिल्ह्याला सोसणार नाही. तेथे बागेच्या फाटकावर बूट आणि गाडीची चाके जंतुनाशकात बुडवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपल्याकडे कापणीची टोळी एका दिवसात तीन गावांच्या बागांत तोच विळा घेऊन फिरते. हे बदलायला सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

१९. इक्वेडोरचे काही बिनसले तर आपल्या केळीला भाव येतो का?

क्वचित, आणि फार काळ नाही. रशिया हा इक्वेडोरचा मोठा ग्राहक आहे. २०२४ च्या सुरुवातीला जुनी सोव्हिएत शस्त्रे अमेरिकेला देण्याचे इक्वेडोरने ठरवले, तेव्हा रशियाने फेब्रुवारीत किडीचे कारण पुढे करून तेथील पाच निर्यातदारांची केळी रोखली आणि भारतातून केळी घेण्यास सुरुवात केली. येथे आशा वाढल्या. पण इक्वेडोरने शस्त्रांचा निर्णय मागे घेतला, त्याच महिन्यात बंदी उठली, आणि रशियाची मुख्य खरेदी पुन्हा ग्वायाकिलहून होऊ लागली. रावेरचा रोजचा भाव दिल्ली-पंजाबची मागणी, बऱ्हाणपूरची आवक आणि श्रावणातील उपवास यांवर चालतो. आखाती देश, इराण, इराक यांची मागणी वाढली तर निर्यातक्षम मालाला क्विंटलमागे काही जादा मिळतात, आणि ते ज्याने फण्या झाकून, वेळेवर विरळणी करून माल तयार ठेवला आहे त्यालाच.